ओपिनेल घ्यायचाय? आधी पातं ठरवा

आमच्या सोलापुरात चाकूवेडे चारच, पण ओपिनेल या घडीच्या चाकूचं नाव निघालं की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते कार्बन स्टीलच, दुसरी म्हणते स्टेनलेस घ्या न् निवांत राहा. फ्रान्सच्या साव्वा भागातली १८९० पासूनची कंपनी, लाकडी मूठ, आणि उघडलेलं पातं मिटू नये म्हणून १९५५ मध्ये आलेली फिरवायची लॉकची रिंग. ८ नंबरच्या साइझचं पातं साडेआठ सेंटीमीटर, पहिल्यांदा घेताना हेच घ्या.

माझं मत कार्बनच, कारण सहाणेवर पटकन धार धरतं. पण लिंबू कापून तसंच ठेवलं की डाग पडतो हे नक्की. मी कैरी चिरली तेव्हा पातं डोळ्यांदेखत निळसर करडं झालं, तो गंज नाही हां, तो थर उलट गंजापासून थोडं वाचवतो. लाल ठिपका दिसला तर मात्र लगेच घासून काढा. काम झालं की धुवा, कोरडं पुसा, एक थेंब खाण्याचं तेल. मूठ पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही.

आता टोक. टोकदार पातं फळं सोलायला भारी, सरळ धारेचं बोथट टोकाचं पाटावर कांदा चिरायला बरं आणि घरात लहान पोरं असतील तर मी तेच सांगेन.

धार लावताना पातं अंदाजे २० अंशात धरा, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारा, मग कागद कापून बघा. आणि उघडल्यावर रिंग फिरवायची विसरू नका, बोटं जातात.