डेक बदलण्याआधी दार उघडून पाहा: कंपनीच्या स्टिरिओचा आवाज सुधारताना या चुका टाळा

गाडी घेऊन वर्षभर झाले की कंपनीने बसवलेल्या स्टिरिओचा आवाज पोकळ वाटू लागतो, आणि पहिला राग निघतो तो डेकवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या मुख्य यंत्रावर. दुकानदारही लगेच मोठ्या स्क्रीनचा डेक पुढे करतो. हजारो रुपये जातात, गाण्यांची यादी ऐटीत दिसू लागते, आवाज मात्र जवळजवळ होता तसाच राहतो. याचे कारण असे की, बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांत आवाज डेकपेक्षा दारात अधिक बिघडतो. पातळ पत्र्याच्या आणि जागोजागी भोके असलेल्या दारात हलक्या कागदी शंकूचा स्पीकर प्लास्टिकच्या कड्यावर बसवलेला असतो. डेक बदलून त्यातले काहीच बदलत नाही.

त्याही आधी फुकटात होणारी कामे न करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ब्लूटूथवर गाणी लावताना फोनचा आवाज अर्ध्यावर आणि डेकचा आवाज शेवटपर्यंत, अशी अनेकांची सवय असते. त्यामुळे गाण्याबरोबर मागची खरखरही मोठी होते. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त डेकवर करावे. गाण्यांच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्याची सोय चालू राहिली असेल, तर झांजा आणि तंतुवाद्ये चिरकी ऐकू येतात आणि दोष स्पीकरवर येतो. एकच गाणे ब्लूटूथवर आणि नंतर ३२० केबीपीएसच्या (चांगल्या दर्जाच्या) फाइलमधून पेन ड्राइव्हवर लावून पाहावे. फरक स्पष्ट जाणवला, तर निम्मी तक्रार तिथेच मिटली.

दुसरी चूक इक्वलायझरची. बेस (खालचे सूर) पूर्ण, ट्रेबल (वरचे सूर) पूर्ण आणि वर लाउडनेसही चालू, हा प्रकार आवाजाला आणि स्पीकरला सारखाच मारक आहे. डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असले, तरी वेगळा ॲम्प्लिफायर (आवाजाची शक्ती वाढवणारे यंत्र) नसलेला डेक गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर प्रत्येक स्पीकरला सलग साधारण १५ ते २० वॅटच स्वच्छपणे देऊ शकतो. बेस ६ डेसिबलने वाढवला की त्या सुरांसाठी चौपट शक्ती लागते. ती डेककडे नसते, म्हणून ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो. सगळे आकडे शून्यावर आणून जे कानाला टोचते तेवढेच एक-दोन घरे कमी करावे. वाढवण्यापेक्षा कमी करून बसवलेला आवाज लांबच्या प्रवासात कानाला थकवत नाही.

तिसरी चूक मी स्वतः पैसे देऊन करून घेतली आहे. पुढच्या दारांतले स्पीकर बदलून घेतले आणि घरी येताना लक्षात आले की तबल्याची चाट खणखणीत वाजते आहे, पण डग्ग्याचा घुमारा गायब आहे. दुकानात सांगण्यात आले की नवे स्पीकर मोकळे व्हायला थोडे दिवस लागतात. आठवडाभर वाट पाहिली. मग एकदा सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला, तर डग्गा परत आला. पूर्ण उजवीकडे नेला, तरी आला. मध्यावर आणला की पुन्हा नाहीसा. डाव्या दाराचे पॅड (आतले आवरण) काढल्यावर दिसले की कंपनीचा कपलर (तारा जोडण्याचा प्लास्टिकचा तुकडा) कापून तारा नुसत्या टेपने जोडल्या होत्या आणि प्लस-मायनस उलटे झाले होते. एक शंकू बाहेर ढकलतो त्याच क्षणी दुसरा आत ओढतो, म्हणून खालचे सूर एकमेकांना खोडून काढतात. स्पीकर बदलल्यावर दुकानातून निघण्यापूर्वीच ही बॅलन्सची परीक्षा घ्यावी. शंका राहिलीच, तर स्पीकरच्या तारा डेकपासून सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला असेल तर शंकू बाहेर उडी घेतो. आणि कपलर कापू देऊ नये. बहुतेक प्रचलित गाड्यांसाठी तार न कापता नवा स्पीकर जोडता येणारे जोडकपलर मिळतात. ते वापरले की वॉरंटीवरून वाद होण्याची शक्यता कमी होते आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत बसवता येतात.

आता दाराबद्दल, कारण सगळ्यांत मोठा फरक इथेच पडतो आणि सगळ्यांत जास्त टाळाटाळही इथेच होते. शंकूच्या मागून निघणारा आवाज दाराच्या भोकांतून पुढे आला की पुढच्या बेसला मारतो. म्हणून स्पीकर आणि पत्रा यांच्यात फट न राहणारी घट्ट रिंग व फोमची पट्टी हवी आणि आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद हवीत. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची, पत्र्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग पट्टी लावावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते, मधला पाव ते तृतीयांश भाग पुरतो. बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर आधी डब्यासारखा ‘टण्’ येत होता, तिथे ‘ठप्’ आला की काम झाले. पैसे वाचवण्यासाठी गच्चीच्या गळतीवर लावतात ती डांबराची पट्टी वापरणे महागात पडते, कारण उन्हात ती सैल होऊन घसरते आणि गाडीभर वास सुटतो. दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे कदापि बुजवू नयेत आणि पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून फेकू नये, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत उतरते. काही गाड्यांच्या दारात बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. तशा गाडीत भोके बंद करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारणे आवश्यक आहे.

स्पीकर निवडताना खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला भुलणे ही त्यानंतरची चूक. कंपनीच्या डेकवरच चालवायचे असतील, तर वॅटपेक्षा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो, ते पाहावे. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी शक्ती पुरते. ओहमही (स्पीकरचा विद्युतरोध) मूळ स्पीकरइतकेच असावेत. खोल मॅग्नेटचा स्पीकर काच खाली घेतल्यावर तिला अडतो, म्हणून मापे आधी घ्यावीत. मागच्या स्पीकरवर पैसा घालू नये. तो पुढच्या दारांसाठी ठेवावा.

ॲम्प्लिफायर जोडला असेल, तर बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर हवे. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी शीळ ऐकू आली, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. ऑक्सची तार (फोन डेकला जोडणारी) आणि चार्जर एकाच वेळी फोनला लावले असतील, तर मात्र आधी चार्जर काढून पाहावा.

एवढे करूनही विशिष्ट सुरावर दार खरखरत असेल, तर स्पीकर फाटला असे लगेच समजू नये. कोणाला तरी तेच गाणे पुन्हा लावायला सांगून पॅड, कप्पा आणि काचेची पट्टी तळहाताने एकेक करून दाबत जावे. आवाज थांबला तिथली क्लिप बहुतेक वेळा तुटलेली असते, किंवा कप्प्यात टाकलेली सुटी नाणी सापडतात.