आर मध्ये तक्त्यांची नावे जोडून तयार करताना : या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील 16 तालुक्यांच्या पावसाचे तक्ते 'पाऊस_दारव्हा', 'पाऊस_वणी' अशा नावांनी आर (R) या आकडेवारीच्या संगणकभाषेत घेतले, की 'पेस्ट-झिरो' (paste0) या मजकूर जोडणाऱ्या फंक्शनने तालुक्याचे नाव जोडून एकाच लूपमध्ये, म्हणजे तेच काम प्रत्येक तालुक्यासाठी आपोआप पुन्हा करवून, सगळे काम उरकावे, असे कोणालाही वाटते. पहिली ठेच येथेच लागते, कारण पेस्ट-झिरोमधून तक्ता मिळत नाही, केवळ अक्षरांची ओळ मिळते. त्या ओळीवर तक्त्यातील रांगा मोजणारे 'एन-रो' (nrow) चालवले तर कोणतीही तक्रार न करता 'नल' (NULL), म्हणजे 'काहीच नाही', असे उत्तर येते, आणि अशी मुकी चूक शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे. सातबाऱ्याच्या कागदावर नांगर चालत नाही. तक्ता हवा असेल तर जोडलेले नाव 'गेट'ला (get), म्हणजे नावावरून वस्तू आणून देणाऱ्या फंक्शनला, द्यावे लागते.

मात्र 'पाऊस_वणी$जून' एवढे सगळे गेटला दिले, तर ते डॉलरसह संपूर्ण मजकुराला एकच नाव समजते आणि अशी वस्तू सापडत नाही म्हणून थांबते. आधी तक्ता आणावा, मग स्तंभ दुहेरी चौकटी कंसात [[ ]] मागावा. स्तंभाचे नाव 'महिना' या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवलेले असेल, तर डॉलरपुढे 'महिना' लिहून उपयोग नाही, कारण तेथे चलाची किंमत पाहिली जात नाही, 'महिना' याच नावाचा स्तंभ शोधला जातो. दिलेल्या नावाच्या चलात किंमत ठेवणाऱ्या 'असाइन'चे (assign) वागणे त्याहून फसवे आहे : डॉलर असलेले नाव ते निमूटपणे स्वीकारते, त्या विचित्र नावाचा नवाच चल तयार करते आणि मूळ तक्ता होता तसाच राहतो. शिवाय फंक्शनच्या आत केलेले असाइन फंक्शन संपताच नाहीसे होते.

माझ्या मते हा सगळा खटाटोप मुळातच टाळता येतो. फाइली 'एल-अप्लाय'ने (lapply) एकामागून एक वाचून एकाच लिस्टमध्ये ठेवाव्यात आणि 'सेट-नेम्स'ने (setNames) त्यांना तालुक्यांची नावे द्यावीत. मग 'तक्ते[["वणी"]]' एवढे पुरते, आणि 'झरी जामणी' या नावातील मोकळी जागाही आडवी येत नाही. तक्ते सुटे वाचून झालेच असतील, तर 'एम-गेट' (mget) त्यांची लिस्ट करून देते.

लिस्टमध्येही एक खाचखळगा आहेच. एका फाइलीत 'केळापूर' आणि दुसरीत त्याच तालुक्याचे मुख्य ठिकाण 'पांढरकवडा' असे लिहिलेले असेल, तर न सापडलेल्या नावावर लिस्टही मुकाट्याने नल देते. म्हणून लूप सुरू करण्यापूर्वी तालुक्यांची यादी आणि लिस्टमधील नावे एका यादीत असून दुसरीत नसलेली नावे दाखवणाऱ्या 'सेट-डिफ'ने (setdiff) दोन्ही बाजूंनी ताडून पाहावीत.