कॉम्प्रेसरच्या एअर लाइनला पाइप कोणता घ्यावा?

पाच-साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर, सात-आठ किलो प्रेशर (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला) आणि भिंतीच्या कडेने फिरणारी लाइन, असा साधा गाळा डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. पॉइंट (हवा घ्यायच्या जागा) किती आणि कुठे, हे तुम्ही ठरवलेलं असेलच.

१. पीव्हीसी आणि सीपीव्हीसी यादीतून काढा

इथे हमखास वाद होतो. ‘पाइपवर दहा किलो छापलंय, आपलं प्रेशर आठ’, हा युक्तिवाद मी ऐकून कंटाळलोय. तो आकडा पाण्यासाठी असतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप तडकला की दाब क्षणात उतरतो. हवेचं तसं नाही. ती दाबून भरलेली असते. फुटताना सगळी एकदम पसरते आणि पाइपचे धारदार तुकडे सुऱ्यांसारखे उडवते. शिवाय भारतीय मानकात पीव्हीसीचं प्रेशर रेटिंग २७ अंशांना धरलेलं आहे. पत्र्याखाली मे महिन्यात तापमान किती चढतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि पाइप तापेल तसं रेटिंग उतरतं. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने (ओशा) १९८८ मध्येच जमिनीत न पुरलेल्या एअर लाइनला पीव्हीसी वापरू नका असं बजावलं होतं. ‘शेजारच्या गाळ्यात आठ वर्षं चालतोय’ हे उत्तर नव्हे. तो पाइप फुटायच्या आधी कळवत नाही.

२. आता खरा प्रश्न: पाणी

जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप), तांबं, ॲल्युमिनियम, तिन्ही हे प्रेशर सहज पेलतात. म्हणून निवड प्रेशरवर करू नका, हवेतल्या पाण्यावर करा. हवा लाइनमध्ये थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन पाइपच्या तळाशी वाहते. पावसाळ्यात तर विचारूच नका.

जीआय स्वस्त, फिटर कुठेही मिळतो. घ्यायचाच तर बी क्लास, निळ्या पट्ट्याचा. पण त्या पाण्याने आतला जस्ताचा थर सुटतो, मग गंज धरतो, आणि ते कण सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) आणि सिलिंडरच्या सीलमध्ये जाऊन बसतात. टायर, इम्पॅक्ट गन, फुंकणी एवढंच काम असेल तर जीआय बेलाशक टाका. टूलआधी एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) मात्र हवाच. स्प्रे पेंटिंग करत असाल तर नको.

जीआयचे आटे काढल्यावर आतली बर (कापल्यावर राहिलेली धातूची धार) रीमरने किंवा गोल कानशीने साफ करा, कटिंग ऑइल पुसा. टेफ्लॉन टेप गुंडाळताना टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे लाइनमध्ये जातात. फिटर घाईत हे करत नाही. उभे राहून करून घ्या.

भाड्याचा गाळा असेल तर ॲल्युमिनियमच घ्या, हे माझं ठाम मत. महाग आहे खरं. पण ते गंजत नाही, आतून गुळगुळीत राहतं, आणि गाळा बदलताना खोलून सोबत नेता येतं. जीआय खोलायला गेलात तर अर्धं भंगारातच जातं. तांबंही उत्तम, मात्र जोड ब्रेझिंगचे हवेत.

पीपीआर (वितळवून जोडायचा प्लास्टिक पाइप) घ्यायचा असेल तर कंपनी तो कम्प्रेस्ड हवेसाठी लेखी मान्य करते का, ते पाहा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तो कधीच लावू नका, तिथली हवा तापलेली असते. जोड वितळवताना पाइप जास्त आत ढकलला तर आत कडं तयार होतं आणि वाट अरुंद होते.

३. साइज

मेन लाइन एक इंची, पॉइंटला अर्धा इंची. अर्ध्या इंचाच्या मानाने एक इंचात वाट बरीच मोठी असते.

४. जोडणी

टाकीनंतर आधी लवचिक होज लावा, मग पाइप सुरू करा. शंभर फुटांना एक फूट उतार द्या. प्रत्येक पॉइंट मेन लाइनच्या वरच्या अंगाने घ्या, खालून नव्हे, नाहीतर सगळं पाणी टूलमध्ये येईल. उताराच्या शेवटी ड्रेन व्हॉल्व्ह.

५. गळती

प्रेशर टप्प्याटप्प्याने चढवा आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. सात किलोला एक मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा जाते, म्हणजे वीज फुकट. रात्री कॉम्प्रेसर आणि सगळ्या टूलचे व्हॉल्व्ह बंद करून गेजचा आकडा लिहून ठेवा. सकाळी काटा बराच खाली असेल तर आधी क्विक कपलर (होज पटकन लावायचे-काढायचे जोड) तपासा; बहुतेक वेळा तेच गळत असतात.