दूध कमी पडतंय असं वाटतं? आधी या चुका टाळा

‘अंगावरचं दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ आयांना दूध पुरेसं असतं. गडबड होते ती ते बनतं कसं आणि बाहेर येतं कसं, हे माहीत नसल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दूध साठावं म्हणून पाजायला उशीर करणं. स्तन ही टाकी नव्हे. दूध निघालं की नवं जोरात बनतं, तुंबून राहिलं की बनणं मंदावतं. म्हणून ‘आज राहू दे, वरचं दूध देऊ’ असं विनाकारण चार दिवस केलं, तर अंगावरचं खरोखरच घटू लागतं. नवजात बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. त्यात रात्रीचं पाजणं टाळू नका. दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं.

दुसरी चूक घाईची. बनलेलं दूध आपोआप वाहत नाही. बाळ चोखू लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे दुसरं हार्मोन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या बारीक पेशी आवळतात आणि पान्हा फुटतो. तोवर बाळ भरभर, उथळ चोखतं. मग लय बदलते, चोखणं संथ आणि खोल होतं, गिळल्याचा आवाज येतो. हा बदल होण्याआधीच ‘येतच नाही’ म्हणून बाळाला काढू नका. वेदना किंवा ताण असला तर पान्ह्याला वेळ लागतो. पंपाने कमी निघालं म्हणून दूध कमी, हा हिशेबही चुकीचा. पंपाला पान्हा प्रत्येकीला फुटतोच असं नाही.

बाळाच्या तोंडात नुसतं बोंड देऊ नका, भोवतालचा काळसर भागही बराचसा जायला हवा. पाजून झाल्यावर बोंड चपटं, तिरकं दिसलं तर पकड चुकतेय.

पहिले दोन-तीन दिवस थोडासा चीकच येतो, तो पुरतो. काही आठवड्यांनी स्तन मऊ लागू लागतात, त्यातही बिघडलेलं काही नसतं.

खरी खूण लंगोटात सापडते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत निदान ६ ओले व्हायला हवेत. तेवढे होत नसतील, बाळ सुस्त असेल किंवा दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. स्तन लाल होऊन ताप आला तरी दाखवा, पण पाजणं बंद करू नका. दूध तुंबलं तर दुखणं वाढतं.