कमानी पट्टी उभ्या पट्टीला जोडताना

दाराच्या किंवा कपाटाच्या पल्ल्याला वरची पट्टी कमानीची हवी असेल, तर एक गोष्ट मनावर घ्या: आधी जोड, मग गोलाई. फळी चौकोनी असेपर्यंतच खुणा करा, कुसू (खाचेत बसणारी टोकाची जीभ) कापा, उभ्या पट्टीतल्या खाचेत घालून बघा. गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसलं की मगच कमान आखा. गोलाई आधी कापली, तर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) टेकवायला सरळ कडच उरत नाही, आणि खांद्याशी (कुसवाच्या मुळाशी, जिथे पट्टी उभ्या पट्टीला टेकते) फट राहते ती राहतेच.

दुसरी काळजी टोकाची. कमानीची रेषा थेट उभ्या पट्टीपर्यंत नेली की तिथे लाकूड सुरीच्या पात्यासारखं निमुळतं होतं. लाकडाचे तंतू आडवे कापले गेल्याने हे टोक रंधा लागताच टवका होऊन उडतं, सागवानातही. म्हणून कमान उभ्या पट्टीच्या 8-10 मिमी आधीच थांबवा आणि तेवढा भाग सपाट ठेवा. दिसायलाही तो देखणा दिसतो. कुसू या टोकात आणू नका, खालच्या कडेपासून निदान 15 मिमी वर घ्या. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे 36 मिमी जाडीच्या पल्ल्याला 12 मिमी. टोकाशी पट्टी फार रुंद असेल तर एका रुंद कुसवाऐवजी दोन करा. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा फरक कळतो.

वरची कडही गोल असेल, तर कापलेला तुकडा फेकू नका. सरस लावून शिकंजा (दाबून धरणारा क्लॅम्प) आवळताना तोच गोलाईवर परत ठेवायचा, शिकंजा घसरत नाही.