सीएमव्हीचा रिपोर्ट कसा वाचावा: जन्मभर राहणारा विषाणू आणि त्याला आवरणारी प्रतिकारशक्ती

म्हापसा, फोंडा किंवा मडगाव येथील एखाद्या प्रयोगशाळेतून ‘टॉर्च’ चाचण्यांचा (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या चाचण्यांचा) कागद घरी येतो, त्यात सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजेच सीएमव्ही या नावापुढे ‘पॉझिटिव्ह’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते, आणि डॉक्टरांची पुढची तारीख लांब असल्यामुळे तोपर्यंत गरोदर सुनेच्या काळजीने घरात कोणाच्याच जिवात जीव राहत नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात खेपा घालणाऱ्या कुटुंबांनाही ही चाचणी चुकत नाही.

सर्वप्रथम ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द कोणत्या ओळीपुढे आहे ते पाहावे. आयजीजी आणि आयजीएम ही विषाणूविरुद्ध शरीर बनवत असलेल्या प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) दोन रूपे आहेत. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर विषाणूशी तुमची गाठ पूर्वी कधीतरी, बहुधा लहानपणीच, पडलेली आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. भारतातील बहुसंख्य प्रौढांचा रिपोर्ट असाच येतो. हा आजार नव्हे आणि त्यावर औषधही घ्यायचे नसते. आयजीजी निगेटिव्ह कधी होईल, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात आणि त्यासाठी तीच चाचणी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवतात. ती निगेटिव्ह होण्याची वाट पाहूच नये, कारण विषाणू शरीरातून जात नाही आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडेही आयुष्यभर राहतात.

तो राहतो कोठे, हे समजले की बाकीचा रिपोर्ट सोपा होतो. अस्थिमज्जेत रक्तपेशींना जन्म देणाऱ्या ज्या आद्य पेशी असतात, त्यांच्यात आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत विषाणूचा डीएनए आपली बहुतेक जनुके मिटून पडून असतो. मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये शिरून प्रौढ भक्षक पेशी बनते, तेव्हा मात्र त्याला जाग येऊ शकते, आणि असे जागे होणे निरोगी माणसातही अधूनमधून घडते. तिसवाडीतल्या खाजन शेतीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे चटकन उमजेल: खारे पाणी कायम बांधाला लागून असते, भरती रोज येते, आणि शेत टिकते ते पाणी आटल्यामुळे नव्हे, तर बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) यांची देखरेख वर्षभर चालू असल्यामुळे.

शरीरात ही देखरेख मुख्यतः टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. संसर्ग झालेल्या पेशीत पीपी६५ नावाचे विषाणूचे प्रथिन असते. पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्यांतला जेमतेम नऊ अमिनो आम्लांचा एखादा तुकडा एचएलए या, आतले तुकडे बाहेर दाखवणाऱ्या रेणूवर बसवून आपल्या पृष्ठभागावर मांडते. नेमका तोच तुकडा ओळखणारी सीडी८ टी पेशी तेथे येऊन चिकटते, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम ही प्रथिने सोडते आणि विषाणूची नवी पिढी बाहेर पडण्याआधीच ती पेशी संपवते. सीडी४ टी पेशी या कामाला बळ देतात, तर प्रतिपिंडे पेशीबाहेर सुटलेल्या विषाणूला अडवतात.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. त्याची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिने एचएलए रेणूंना मोडीत काढतात, यूएस३ त्यांना पेशीच्या आतच अडकवून ठेवते आणि यूएस६ तुकड्यांची वाट बंद करते, म्हणजे टी पेशीला दाखवायला पृष्ठभागावर काही उरतच नाही. एचएलए नसलेली पेशी दिसली की नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, तिच्यावर तुटून पडतात; त्यांना चकवण्यासाठी हा विषाणू यूएल१८ नावाचा एचएलएसारखा तोतया रेणूही उभा करतो. त्यावर शरीराने एनकेजी२सी हा ग्राहक बाळगणाऱ्या एनके पेशींची संख्या वाढवून उत्तर दिलेले असते. ही चुरस जन्मभर चालते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संसर्ग झालेल्या निरोगी प्रौढांच्या रक्तातील स्मृती टी पेशींपैकी (पूर्वी भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी पेशींपैकी) सुमारे १० टक्के पेशी या एकट्या विषाणूवर रोखलेल्या आढळल्या. आपल्या प्रतिकारशक्तीचा एवढा मोठा वाटा एका विषाणूच्या राखणीला लागावा, ही मला या सर्व विषयातील सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता आयजीएम पॉझिटिव्ह आले तर काय करावे? एका कागदावर निर्णय घेऊ नये. आयजीएम नव्या संसर्गात येते हे खरे, पण ते काही महिने रेंगाळते, जुना विषाणू जागा झाला तरी दिसू शकते आणि दुसऱ्याच कारणाने खोटेही येऊ शकते. अशा वेळी आयजीजी अ‍ॅव्हिडिटी चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रतिपिंडांची पकड काळानुसार घट्ट होत जाते. त्यामुळे पहिल्या तिमाहीत अ‍ॅव्हिडिटी जास्त आली, तर पहिला संसर्ग बहुधा गर्भधारणेपूर्वीचा असतो, आणि कमी आली, तर तो गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता असते. गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाल्यास तो बाळापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के असते. जुना संसर्ग असलेल्या मातांमध्ये ते सुमारे १ टक्का असते. तरीही आपल्याकडे जुना संसर्ग असलेल्या माताच बहुसंख्य असल्याने आणि विषाणूचा वेगळा प्रकार नव्याने शिरू शकत असल्याने आयजीजी पॉझिटिव्ह गरोदर स्त्रीनेही काळजी घ्यावी. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू कित्येक महिने येत राहतो. म्हणून थोरल्या मुलाने उष्टी ठेवलेली पेज त्याच्याच चमच्याने संपवू नये, लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवावेत आणि चवथीला घर मुलांनी भरलेले असताना त्यांचा पापा ओठांवर न घेता कपाळावर घ्यावा.

प्रत्यारोपणाची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे अवयव नाकारला जाऊ नये म्हणून टी पेशींनाच औषधाने आवर घातलेला असतो. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह ही जोडी सर्वाधिक जोखमीची: विषाणू अवयवाबरोबर येतो आणि त्याला ओळखणारी एकही स्मृती पेशी रुग्णाजवळ नसते. दोघांचे आयजीजी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून लिहून ठेवावे. पुढे व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर किती महिने द्यायचे हे डॉक्टर ठरवतात, मात्र एक गोष्ट रुग्णाने पक्की ध्यानात ठेवावी: हे औषध विषाणूची वाढ रोखते, लपलेल्या डीएनएला हात लावत नाही. ते वेळ मिळवून देते, आणि पुढचे काम टी पेशींनाच करायचे असते. त्यामुळेच औषध थांबल्यानंतरच्या महिन्यांत ताप, न जाणारा थकवा, जुलाब किंवा पांढऱ्या पेशींत घट दिसली, तर त्याच दिवशी कळवावे. रक्तातील विषाणूचे प्रमाण पीसीआर या, विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने मोजतात. ती चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत आणि एकाच ठिकाणीही तिपटीपेक्षा कमी फरक केवळ मोजणीतला असू शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकले जाणारे काढे या रुग्णांनी मनाने घेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. काही वनस्पतिजन्य औषधांमुळे टॅक्रोलिमस या, अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचे रक्तातील प्रमाण बदलते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची सीडी४ संख्या ५० च्या खाली गेली असेल आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगू लागले, तर नेत्रतज्ज्ञाकडे लगेच जावे.

बाळाला जन्मजात संसर्ग झाला आहे का, हे पाहण्यासाठी लघवी किंवा लाळेची पीसीआर चाचणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. त्यानंतर पॉझिटिव्ह आले, तर संसर्ग पोटात झाला की पुढे अंगावरच्या दुधातून, हे सांगता येत नाही. नवजात बाळ कानाच्या तपासणीत नापास झाले, तर ही चाचणी आपणहून मागावी. जन्मजात संसर्ग ठरला आणि बाळ अगदी ठणठणीत दिसले, तरी त्याच्या श्रवणाची तपासणी शाळेत जाईपर्यंत ठरावीक अंतराने करून घ्यावी, कारण या संसर्गातले बहिरेपण जन्माच्या वेळी नसतानाही नंतरच्या वर्षांत येऊ शकते.