लहरी पावसात शेती करताना या चुका टाळा

दर जूनमध्ये मला तेच ते फोन येतात. "काका, सहा दिवस झाले, तास (पिकाची ओळ) दिसंना." "बियाणं बोगस लागलं काय हो?" मी प्रत्येकाला एकच विचारतो, पेरलं त्या दिवशी ओल किती खोल होती? त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "पाऊस तर चांगला झाला होता." मी ओल विचारतो आणि ते पाऊस सांगतात. सगळं तिथंच बिघडतं.

मी मांजरा खोऱ्यात तीस वर्षं कोरडवाहू सोयाबीन-तूर करतोय. पाऊस कमी झाला असं मला वाटत नाही. तो एका जागी गोळा होऊन पडायला लागलाय. वीस-वीस दिवस थेंब नाही आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2021 च्या सप्टेंबरअखेर लातूरला पाणी पुरवणाऱ्या मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची शिवारं बुडाली. मधे फक्त पाच वर्षं. म्हणजे एकाच रानाला पावसाचा खंडही सोसायचाय आणि अतिवृष्टीही. त्याची तयारी पेरणीच्या आधीपासून करावी लागते आणि नेमकी तिथंच घाई होते.

पहिल्या पावसावर पेरणं

2025 साली मॉन्सूननं भल्याभल्यांना चकवलं. केरळात तो 24 मे ला आला आणि 26 मे ला मुंबईत पोचला. मुंबईची त्याची नेहमीची तारीख 11 जून. आमच्याकडे तर त्याच्याही आधी मे महिनाभर वळीव कोसळत होता. उन्हाळ्यात रान तापलंच नाही, कित्येकांची मोघडणी (पेरणीआधीची मशागत) राहून गेली.

माझा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून गावी आलाय. पोरगा कष्टाळू आहे, वाचणारा आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, शंभर मिलिमीटर होऊन गेला. तुम्हीच सांगता ना, 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणून?" आकडा त्याचा बरोबर होता. मी म्हटलं, बाळा, मृग तर लागू दे. कृषी विभागही तेव्हा पेरणीची घाई करू नका असंच सांगत होता. पण शेजारच्या रानात ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र फिरायला लागलं की आपले पाय थांबत नाहीत. त्यानं सहा एकर एका दिवसात पेरून टाकलं.

मग मॉन्सून जागच्या जागी थबकला. जूनचा पहिला पंधरवडा आमच्या शिवारात कडक ऊन. मी त्याच्यासोबत रानात गेलो आणि खुरप्यानं हातभर तास उकरला. काही दाणे फुगून कुजले होते. काहींना मोड आला होता, पण मूळ खाली गेलं ते कोरड्या ढेकळात. जे वर आलं होतं त्याची दोन दलं करपलेली. दहा दाण्यांत चार जिवंत म्हणायचे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं रान मोडून पुन्हा पेरलं. बियाणं दोनदा, खत दोनदा, ट्रॅक्टरचं भाडं दोनदा. त्या दिवशी माझी वहिनी बांधावर बसून राहिली होती, कुणाशी एक शब्द बोलली नाही. दुबार पेरणी म्हटलं की मला ते चित्र आठवतं.

आता 75 ते 100 मिलिमीटरचा नियम नीट समजून घ्या. हा पाऊस मोसमी हवा बसल्यावरचा धरायचा. आभाळ भरून राहिलंय, हवेत दमटपणा आहे, चार-सहा दिवसांत रिपरिप करत तो पडलाय, असा. मे महिन्यातला वळीव या हिशेबात धरू नका. त्याच्या मागून जे ऊन पडतं ते वरचा चार बोटांचा थर दोन दिवसांत वाळवतं. काळ्या रानात भेगा असतात. जोराचा पाऊस भेगांतून खाली उतरतो, वरचा थर भिजल्यासारखा दिसतो आणि मधला पट्टा कोरडाच राहतो. सोयाबीन आपण तीन ते पाच सेंटिमीटरवर पेरतो. त्याला वरून भिजवण्यापेक्षा खालून साथ लागते.

समजा मे मधलं पेरलेलं उगवलं आणि टिकलंही. जेएस 335 सारखा वाण 95 ते 100 दिवसांत येतो. म्हणजे काढणी सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात. शेंगांना झाडावरच मोड आणायचे का? (2025 च्या सप्टेंबरनं वेळेवर पेरणाऱ्यांनाही सोडलं नाही, हे मला माहीत आहे. माझंही तीन एकर गेलं. पण एका वाईट वर्षावरून दरवर्षीचा नेम मोडायचा नसतो.)

माझी सवय अशी. मृग लागल्यावर रोज सकाळी पावसाचा डबा बघतो. खालीवर सारख्याच रुंदीचा, सरळ कडांचा स्टीलचा डबा खांबावर बसवलाय, झाडापासून लांब. पट्टी बुडवली की जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. महसूल मंडळाचं महावेधचं (हवामान मोजायचं) केंद्र आमच्या रानापासून लांब आहे. तिथला आकडा माझ्या रानाचा नसतो. अलीकडे तर एका गावाच्या दोन शिवारांत वेगळा पाऊस पडतो. डब्याची बेरीज भरली की रानात तीन ठिकाणी, उंचवट्यावर, मधे आणि सखल भागात, वीतभर खड्डा घेतो. तळाची माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा. तिन्ही ठिकाणी झाला तरच पेरणी. उंचवट्यावर झाला नाही तर अजून दोन दिवस थांबतो. लोक म्हणतात, एवढा वेळ कुणाला आहे? सोयाबीनला 15 जुलैपर्यंत पेरणीची मुदत आहे. वेळ भरपूर आहे, धीर नाही.

बियाण्याबद्दलही याच ओघात सांगतो. 2020 साली सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये ऐन काढणीत पावसानं सोयाबीन भिजलं होतं, त्या बियाण्याचा जोम आधीच गेलेला होता. म्हणजे मागच्या दिवाळीचा पाऊस पुढच्या मृगात नडतो. पेरणीआधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात 70 च्या वर मोड आले तर एकरी 30 किलो पुरतं. 60 आले तर 35 किलो टाका. त्याच्याही खाली गेलं तर ते बियाणं विकून दुसरं घ्या. पोती दोन हात उंचीवरून खाली आपटू नका. या दाण्याचं साल पातळ असतं, अंकुर आतल्या आत मोडतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो.

पाण्याची वाट बुजवणं

दुसरी चूक बघितली की मला खरंच राग येतो. उन्हाळ्यात जेसीबी स्वस्त मिळतो म्हणून बांधाकडेचा चर बुजवायचा, ओढ्याचं पोट दोन्ही बाजूंनी आत सरकवायचं आणि दोन-चार ओळी जास्त पेरायच्या. दुष्काळाच्या लागोपाठ सालांत ओढ्याला पाणीच आलं नाही, म्हणून लोकांना तो रिकामा तुकडा वाटायला लागला.

आमच्या वरच्या अंगाच्या एका शेतकऱ्यानं असाच चर सपाट केला. भांडण नको म्हणून मी गप्प बसलो, ही माझी चूक. 2021 च्या सप्टेंबरअखेरचा तो पाऊस रात्री सुरू झाला. पहाटे बॅटरी घेऊन गेलो तर पाणी माझ्या रानातून नदीसारखं चाललं होतं. सोयाबीन कापून ठेवलेलं, त्याच्या ढिगातला अर्धा वाहून गेला. ते पीक पुढच्या वर्षी पुन्हा येईल. पण सकाळी उजाडल्यावर बघितलं तर रानाच्या मधोमध गुडघाभर खोल घळ पडलेली आणि तळाला पिवळा मुरूम उघडा. माझ्या आजोबांनी गाळ टाकून टाकून तयार केलेली माती होती ती. चार वर्षं झाली, त्या पट्ट्यात अजून पीक पिवळंच राहतं.

हिशेब करून बघा. एका एकरावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर पाणी. वरच्या दहा एकरांचं पाणी तुमच्या बांधावर आलं तर ते चाळीस लाख लिटर कुठून जाणार? तुम्ही वाट दिली नाही तर ते स्वतः काढतं.

तलाठ्याकडून गावनकाशा घ्या आणि जुना ओढा कुठून होता ते बघा. त्याहून चांगलं म्हणजे भर पावसात घोंगडी डोक्यावर घेऊन रानात फिरा. पाणी कुठं साचतं, कुठून वळतं, कुठं बांध फोडू बघतं, हे त्या अर्ध्या तासात कळतं तितकं कुठल्याही शिबिरात कळत नाही. मी जिथं पाणी वळतं तिथं दगड रोवून ठेवतो आणि उन्हाळ्यात त्या दगडांवरून चर काढतो. चराच्या काठाला वाळा किंवा मारवेल गवत लावा. माती धरली जाते आणि जनावरांना मारवेलीचा चाराही होतो.

पेरणी उताराला आडवी करा. उभ्या तासानं ट्रॅक्टर लांबच लांब चालतो, वळणं कमी पडतात, डिझेल वाचतं, म्हणून ड्रायव्हर उभंच पेरतो. त्याच्या डिझेलपायी तुमची माती जाते. रुंद सरी-वरंब्याचं यंत्र मिळालं तर उत्तमच, चार ओळींचा वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. नाही मिळालं तर चार किंवा सहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडा आणि पीक महिन्याचं व्हायच्या आत कोळप्याला (तण काढायच्या औताला) दोरी गुंडाळून तिथं सरी पाडा. खंड पडला तर सरीच्या तोंडाला ढेकूळ लावून पाणी अडवायचं. झड लागली तर फावड्यानं तोंड मोकळं करून ते चरात सोडायचं. सरी पाडली आणि तोंडाकडं कधी बघितलंच नाही असे शेतकरी मी खूप बघतो. मग तेच म्हणतात, या पद्धतीत काही दम नाही.

शेततळं म्हणजे टाकी समजणं

"मागेल त्याला शेततळे" योजना 2016 ला आली तेव्हापासून तळी वाढली, हे चांगलंच झालं. पण कित्येक तळ्यांत पावसाचं पाणी जातच नाही. रानाच्या उंच कोपऱ्यात, रस्त्याजवळ दिसेल असं तळं खोदायचं, प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा आणि बोअरच्या पाण्यानं भरायचं. जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेलं पाणी वीज खर्चून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं! 30 बाय 30 मीटरच्या आणि तीन मीटर खोल तळ्यात साधारण बावीस लाख लिटर बसतं. भर उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर जरी उडालं, तरी रोजचे सात हजार लिटर हवेत. शेजाऱ्याची बोअर आटते ती वेगळीच. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. बाकी गावांना एवढी एकी जमत नाही, पण निदान तळं तरी वाहून येणाऱ्या पाण्यावर भरा. ते रानाच्या सखल अंगाला घ्या, पाणी आत येतं तिथं गाळ बसायला छोटा खड्डा ठेवा आणि जादा पाणी बाहेर जायला सांडवा. सांडवा नसलेलं तळं अतिवृष्टीत फुटतं. आणि हे पाणी उसासाठी नाही. ऑगस्टच्या खंडात सोयाबीन फुलात-शेंगेत असताना तुषार सिंचनानं एक-दोन पाणी द्यायचं, त्यासाठी आहे. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. त्या महिन्यात ज्यांनी एक पाणी दिलं, त्यांच्या शेंगा भरल्या.

बाकीच्या चुका

सगळं रान एकाच पिकाला देऊ नका. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन घ्या. तूर मूळ खोल घालते आणि जानेवारीपर्यंत उभी राहते. एका तडाख्यात दोन्ही जात नाहीत.

सोयाबीनचा भुसा आणि तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) पेटवू नका. रानात कुजवल्या की पुढच्या खंडात ओल चार दिवस जास्त टिकते. माझ्याकडे टिकते, येऊन हात लावून बघा.

मोबाइलवर जिल्ह्याचा अंदाज बघून फवारणी ठरवू नका. हवामान खात्याच्या मेघदूत ॲपवरचा तालुक्याचा सल्ला वाचा आणि तरीही आभाळाकडं एकदा बघा.

पीकविम्याच्या अटी दरवर्षी नव्यानं वाचा. त्या बदलतात. गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल असं नसतं.

कापलेलं सोयाबीन सखल जागी गंजी लावून ठेवू नका. उंचवटा बघा, खाली दगड-लाकडं टाका आणि ताडपत्री पेरणीच्या आधीच विकत घेऊन ठेवा. ऑक्टोबरात पाऊस आल्यावर बाजारात ताडपत्री मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भावानं.

आणि कोळपणी अर्ध्यावर आली असली तरी, वीज कडाडायला लागल्यावर "एवढ्या दोन ओळी उरकतो" म्हणू नका. बाभळीखाली तर मुळीच उभं राहू नका. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप घरातल्या एका तरी फोनवर असू द्या, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. ती सूचना आली की औत तिथंच राहू द्या, बैल सोडा आणि घराकडं निघा.